छळ सोसलेल्या माणसाला परदेशात इमिग्रेशनवाल्यांनी कोंडलं तर: गावाकडून वारंवार येणारे प्रश्न

निर्वासित हा विषय आमच्या झाडीपट्टीला, म्हणजे पूर्व विदर्भाला, नवीन नाही. अर्जुनी मोरगावच्या पुढं गोठणगावजवळ नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे, तिकडं गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेऱ्याकडं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली लोकांची अख्खी गावं आहेत. नवीन आहे ते हे की आता आपलीच पोरं एजंटच्या नादानं थायलंड, म्यानमार, युरोप, अमेरिका कुठं कुठं अडकतात, तिथं मार खातात, आणि सुटून पळाली की त्या देशाचे इमिग्रेशनवाले त्यांना परत आत टाकतात. तिबेटी वसाहतीतल्या घरांमध्येही बाहेर गेलेल्या पोरांची काळजी असतेच. मी तालुक्याला विधी स्वयंसेवक म्हणून बसते, माझ्याकडं हे प्रश्न परत परत येतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतेय.

ब्रिटनचा भाग यात जास्त आहे, कारण छळ सोसलेल्यांच्या डिटेन्शनवर तिथल्या कोर्टात बरंच भांडण झालंय आणि त्याचे निकाल दुसऱ्या देशातल्या वकिलालाही दाखवता येतात. माझं स्वतःचं म्हणणं आधीच सांगते: छळ कोणी केला, वर्दीवाल्यानं की एजंटनं की वसुलीच्या माणसानं, याच्यावरून कोंडायचं का नाही हे ठरूच नये, तो माणूस कुलपाच्या आत किती खचतो याच्यावरून ठरावं.

इमिग्रेशन डिटेन्शन म्हणजे जेलच ना?

दिसायला तसंच, पण कायद्यानं नाही, आणि इथंच लोक फसतात. जेलमध्ये माणूस गुन्ह्यासाठी जातो, कोर्ट शिक्षा देतं, सुटायची तारीख माहीत असते. इमिग्रेशन डिटेन्शन हा सरकारी खात्याचा प्रशासकीय हुकूम असतो, म्हणजे ऑफिसमधला अधिकारी कागदावर सही करतो की या माणसाला देशाबाहेर पाठवायचंय किंवा याची चौकशी बाकी आहे तोवर आत ठेवा. आपल्याकडं पोलिसांनी कोणाला पकडलं तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं, घटनेच्या कलम २२ मध्ये आहे ते. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनच्या माणसाला असं लगेच जजपुढं नेत नाहीत, आणि किती दिवस ठेवायचं याची मोठ्या माणसांसाठी, गरोदर बाया सोडल्या तर, कायद्यात पक्की मुदतच नाही. कोणी आठवड्यात सुटतो, कोणी महिनोन्‌महिने बसतो. तारीख माहीत नसणं हेच आतल्या लोकांना सगळ्यात जास्त खातं.

सरकारला आपल्या देशात आलेल्याला पकडायचा हक्क नाही का? मग बेकायदा कधी म्हणायचं?

हक्क आहे, पण त्याला हद्द आहे. आणि ही हद्द ज्या केसमधून निघाली ती एका भारतीयाची आहे, हरदियाल सिंग. १९७७ ला ब्रिटनमध्ये गेला, चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, शिक्षा भोगून झाली तरी डिपोर्ट करायचंय म्हणून डरहॅमच्या जेलमध्येच ठेवला, कारण भारतीय हायकमिशनकडून प्रवासाचे कागद येत नव्हते आणि ब्रिटनचं गृहखातं, म्हणजे होम ऑफिस, त्यामागं लागतही नव्हतं. १९८३ मध्ये तिथल्या हायकोर्टात जस्टिस वूल्फ यांनी सांगितलं की ठेवायचं ते फक्त परत पाठवण्यासाठीच, तेही वाजवी काळापुरतंच, तेवढ्या काळात पाठवणं होणार नाही हे दिसलं की ठेवू नये, आणि खात्यानं हातपाय हलवले पाहिजेत. आजही तिथले वकील याला हरदियाल सिंग तत्त्वं म्हणतात. २०२३ च्या कायद्यानं वाजवी काळ किती हे ठरवायला मंत्र्याच्या मताला जास्त वजन दिलंय, हे खरं आहे आणि मला ते चुकीचं वाटतं, तरी कोर्टाचा दरवाजा बंद झालेला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे खात्यानं स्वतःचं जाहीर धोरण मोडलं तरी डिटेन्शन बेकायदा होऊ शकतं. २०११ मध्ये लुम्बा केसमध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं हे ठरवलं, तिथं होम ऑफिस जाहीर एक धोरण दाखवत होतं आणि आतून दुसरंच गुप्त धोरण चालवत होतं. छळ सोसलेल्यांना हा निकाल फार कामाचा, कारण त्यांचं संरक्षण बरंचसं धोरणाच्या कागदावरच आहे.

"सगळ्यायलेच त्रास होते आत, मंग छळ झालेल्याले वेगळं काहून?"

एक ताई असं विचारत होत्या आणि प्रश्न रास्त आहे. त्रास सगळ्यांना होतो, पण ज्याला आधी बंद खोलीत मारलंय, करंट दिलाय, उपाशी ठेवलंय, त्याच्यासाठी ती खोली, ते कुलूप, रात्री दार उघडून मोजणी करणारा माणूस, कॉरिडॉरमधून येणारा चाव्यांचा आवाज, हे सगळं तेच असतं. डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे झालेलं नुसतं आठवतं असं नाही, ते परत घडतंय असंच अंगाला वाटतं, झोप जाते, जेवण जात नाही, काही लोक स्वतःला इजा करून घेतात. जखमेवरची खपली रोज काढत राहिलं तर जखम कशी भरायची, तसं आहे हे. औषध आत मिळालं तरी उपयोग कमी, कारण आजाराचं कारणच ती कोठडी असते.

म्हणून ब्रिटनचं जुनं धोरणही असंच होतं की छळाचा स्वतंत्र पुरावा असेल तर अगदीच अपवादात्मक कारण असल्याशिवाय ठेवू नका. कागदावर चांगलं होतं. अंमलबजावणीत काय झालं ते पुढं येतंय.

छळ म्हणजे पोलिसांनी किंवा लष्करानं केलेलाच ना? एजंटनं मारलं ते कसं धरतील?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, जरा नीट वाचा.

संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार १९८४ चा. त्यात छळाची जी व्याख्या आहे तिच्यात सरकारी माणसाचा हात लागतो, म्हणजे त्यानं स्वतः केलं, करवून घेतलं किंवा माहीत असून होऊ दिलं. कराराच्या कामासाठी ते ठीक, कारण करार सरकारांना बांधतो. पण कोणाला कोंडू नये हे ठरवायला तीच व्याख्या लावली तर उलटंच होतं. तालिबाननं पळवून नेऊन मारलेलं पोरगं, विकून टाकलेली बाई, यांचा छळ मग छळच धरत नाहीत, का तर मारणारा सरकारी नोकर नव्हता.

होम ऑफिसनं नेमकं हेच केलं, एकदा नाही दोनदा. पहिल्यांदा २०१३ मध्ये हायकोर्टानं सांगितलं की डिटेन्शनच्या नियमात छळ या शब्दाचा अर्थ इतका अरुंद नाही, खासगी माणसानं केलेलाही त्यात येतो. एवढं सांगूनही १२ सप्टेंबर २०१६ पासून नवीन धोरण आलं, 'ॲडल्ट्स ॲट रिस्क' नावाचं, आणि त्यात परत तीच सरकारी हातवाली व्याख्या घातली. गंमत नाही ही, वाईट वाटतं वाचताना, कारण हे धोरण आणलं होतं ते दुबळ्या लोकांना जास्त संरक्षण द्यायचं म्हणून, डिटेन्शनमधल्या दुबळ्या लोकांची पाहणी करायला सरकारनं नेमलेल्या स्टीफन शॉ यांच्या जानेवारी २०१६ च्या अहवालानंतर.

मग मेडिकल जस्टिस ही संस्था, जिचे डॉक्टर डिटेन्शन सेंटरमध्ये जाऊन लोकांना तपासतात, ती आणि आत राहिलेले सात जण कोर्टात गेले. त्या सातांमध्ये कोण होतं पाहा: तालिबाननं पळवून छळलेला तरुण, लैंगिक शोषणासाठी विकलेले लोक, समलिंगी आहे म्हणून मारलेला माणूस, आणि लहानपणी सावकारांच्या माणसांनी छळलेला एक जण. हे शेवटचं वाचून मी थांबले होते. कर्जापायी घरात घुसून दमदाटी करणारी माणसं काय असतात हे विदर्भात कोणाला समजावून सांगायची गरज नाही, आणि लंडनच्या कोर्टात त्याच गोष्टीवरून एक माणूस उभा होता की माझा छळ झाला हे मोजा.

१० ऑक्टोबर २०१७ ला जस्टिस औसली यांनी निकाल दिला की ही अरुंद व्याख्या वापरणं बेकायदा आहे, कारण कोंडल्यानं कोणाला जास्त इजा होईल याच्याशी मारणारा कोण होता याचा संबंध लागत नाही. त्यानंतर २ जुलै २०१८ पासून नियमात नवीन व्याख्या आली. तिचा सार असा की मुद्दाम खूप वेदना दिल्या, देणाऱ्याचा त्या माणसावर शरीरानं किंवा मनानं ताबा होता, आणि त्या ताब्यामुळं त्याला विरोध करणं शक्यच नव्हतं, तर तो छळ. मारणारा सरकारी असो नसो. या व्याख्येवरही टीका आहे, कारण "विरोध करणं शक्य नव्हतं" हे दाखवायचं ओझं येतं, पण आधीपेक्षा पुष्कळ बरं.

म्हणून एजंटनं, म्यानमारमधल्या फसवणुकीच्या कंपाऊंडच्या गुंडांनी, नवऱ्यानं, गावातल्या जातवाल्यांनी, कोणीही केलेलं असू दे, सांगायचं. "पोलिसांनी नाही मारलं तं काय सांगू" असं म्हणून गप्प बसायचं नाही.

म्यानमारच्या कंपाऊंडमधून सुटलेली पोरं यात येतात का?

माझ्या मते पूर्ण येतात. थायलंडच्या सीमेला लागून म्यावाडी भागात ही ऑनलाइन फसवणुकीची कंपाऊंडं आहेत, डेटा एंट्रीची नोकरी सांगून नेतात, पासपोर्ट काढून घेतात, टार्गेट नाही झालं की मार आणि करंट. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारनं हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सोटवरून ५४९ भारतीय परत आणले, महाराष्ट्रातलीही पोरं अशा कंपाऊंडांमधून सुटून आलीत. ही पोरं नदी ओलांडून थायलंडात आली की व्हिसा नाही म्हणून इमिग्रेशनच्या ताब्यात जातात. तिथं मानवी तस्करीचा बळी आहे का हे तपासायची पद्धत आहे, ती तपासणी मागायची, आणि छळ झाला हेही सांगायचं, थायलंडनं २०२२ मध्ये छळविरोधी कायदा केलाय. फक्त "मी ओव्हरस्टे झालो, दंड भरतो" असं म्हणून सही केली तर कागदावर तो गुन्हेगार राहतो, बळी राहत नाही, आणि तो कागद इथं परतल्यावरही मागं लागतो.

"बेकायदा गेले तं भोगा आता." याला काय उत्तर द्यायचं?

पारावर हेच ऐकू येतं. १९५१ च्या निर्वासित कराराचं कलम ३१ आहे: जीव वाचवायला थेट धोक्याच्या जागेवरून आलेल्या माणसाला, तो लगेच अधिकाऱ्यांपुढं गेला आणि कारण सांगितलं तर, बेकायदा घुसल्याची शिक्षा करू नये. मारून टाकणार असलेला माणूस पासपोर्ट ऑफिसच्या रांगेत उभा राहू शकत नाही एवढं तर कोणालाही कळतं. आणि समजा कोणी पैशासाठीच गेला, एजंटला वावर विकून पैसे दिले, तरी त्याला करंट द्यायचा हक्क कोणालाच मिळत नाही आणि त्यानंतर त्याला आजारी पडेपर्यंत कोंडायचा हक्क सरकारलाही मिळत नाही.

आत गेल्यावर डॉक्टरला सांगायचं कसं? कोणता फॉर्म असतो?

ब्रिटनमध्ये दोन नियम लक्षात ठेवा, रूल ३४ आणि रूल ३५. चौतीसप्रमाणं सेंटरमध्ये आल्यापासून २४ तासांत डॉक्टरी तपासणी व्हायला पाहिजे. पस्तीसप्रमाणं डॉक्टरला तीन बाबतीत रिपोर्ट द्यावाच लागतो: आत ठेवल्यानं तब्येतीला इजा होईल असं वाटलं तर, जीव द्यायचे विचार दिसले तर, आणि हा माणूस छळाचा बळी असू शकतो अशी काळजी वाटली तर. "असू शकतो" एवढंच. सिद्ध करायचं काम डॉक्टरचं नाही. तो रिपोर्ट होम ऑफिसकडं जातो आणि दोन कामाच्या दिवसांत उत्तर यायला पाहिजे की याला सोडतो का ठेवतो, आणि ठेवत असाल तर का.

पहिल्या दिवशी बहुतेक नर्स भेटते, घाईत विचारते, रात्रीचे दोन वाजलेले असतात, माणूस थकलेला आणि घाबरलेला. तिथं "सब ठीक" निघून जातं तोंडातून. हरकत नाही, नंतर परत मागा. "मला डॉक्टरला भेटायचंय, माझा छळ झालाय, मला रूल ३५ रिपोर्ट पाहिजे", एवढी तीन वाक्यं पाठ करून ठेवायला सांगा. फोनवरून घरच्यांनीच सांगायची, कारण आतल्याला हे माहीत नसतं.

धोरणात पुराव्याच्या तीन पायऱ्या आहेत. माणूस स्वतः म्हणतो ती पहिली, डॉक्टर किंवा अशा तज्ज्ञाचा कागद ती दुसरी, आणि डॉक्टरनं लिहिलं की आत ठेवलं तर इजा होण्याची शक्यता आहे ती तिसरी. पायरी जितकी वरची तितकं ठेवायला मोठं कारण लागतं. म्हणून रिपोर्टमध्ये फक्त वण किती आणि कुठं एवढंच येऊन चालत नाही, आत राहिल्यानं आता काय होतंय, झोप, भूक, घाबरणं, तेही लिहायला सांगायचं. ही ओळ राहून गेली म्हणून माणसं अडकतात.

अंगावर एकही वण नाही. मग?

तरीही छळ असतो. तळपायावर मारलेलं, पाण्यात डोकं दाबलेलं, झोपू न दिलेलं, धमक्या, बलात्कार, यातलं बरंचसं काही महिन्यांनी अंगावर दिसतच नाही. छळाची डॉक्टरी तपासणी कशी करायची याची जगभर मानलेली पद्धत आहे, इस्तंबूल प्रोटोकॉल, १९९९ ची, २०२२ मध्ये सुधारलेली. त्यात मनाच्या तपासणीला शरीराइतकंच महत्त्व आहे आणि वण नाहीत म्हणजे छळ नाही असं म्हणू नये हे स्पष्ट आहे. वण असतील तर डॉक्टर सांगतो की सांगितलेल्या कारणाशी हा वण जुळतो का, किती जुळतो, त्याच्या पाच पायऱ्या आहेत, "जुळत नाही" पासून "याच कारणानं झालेला" पर्यंत.

आधी सांगितलं नाही, आता सांगितलं. खोटं म्हणतील ना?

म्हणतील, आणि वकिलाला ते खोडावं लागेल. पण तुम्ही घरच्यांनी तरी तसं म्हणू नका. बाईवर अत्याचार झाला असेल तर ती पुरुष अधिकाऱ्यापुढं, पुरुष दुभाष्यापुढं, तेही आपल्याच भागातल्या, कशी सांगणार? पुरुषांवरही लैंगिक अत्याचार होतात आणि ते तर मरेपर्यंत सांगत नाहीत. छळानंतर तारखा मागंपुढं होतात, एकदा तीन माणसं होती म्हणतो, एकदा चार, हे आजाराचंच लक्षण असू शकतं आणि इस्तंबूल प्रोटोकॉलमध्येही ते मान्य आहे. बाई डॉक्टर आणि बाई दुभाषी मागता येते. आणि दुभाषी मराठीच मागा, हिंदी कामचलाऊ येते म्हणून चालवून घेऊ नका, अशा गोष्टी दुसऱ्या भाषेत अर्ध्याच निघतात.

डॉक्टरनं लिहिलं की सुटका पक्की?

नाही. होम ऑफिस एका बाजूला तब्येतीचा धोका ठेवतं आणि दुसऱ्या बाजूला "लवकरच पाठवणार आहोत", "पळून जाईल", "आधी नियम मोडले" असली कारणं ठेवतं, आणि कित्येकदा रिपोर्ट असूनही ठेवतं. शिवाय रिपोर्ट होतच नाहीत हा मोठा रोग आहे. गॅटविक विमानतळाला लागून ब्रुक हाऊस नावाचं सेंटर आहे, तिथला मारहाणीचा प्रकार २०१७ मध्ये बीबीसीनं छुप्या कॅमेऱ्यानं दाखवला, मग केट ईव्ज यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी चौकशी बसली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अहवाल आला. पाच महिन्यांच्या काळात १९ घटना अशा सापडल्या की ज्या युरोपीय मानवाधिकार कराराच्या कलम ३ चा, म्हणजे छळ आणि अमानुष वागणुकीच्या बंदीचा, भंग ठरू शकतात. विचार करा, छळापासून पळालेल्या माणसांना जिथं ठेवतात तिथं हे. अहवालात हेही आहे की रूल ३५ ची व्यवस्था नीट चालतच नव्हती, जीव द्यायच्या विचारातल्या माणसावर नजर ठेवायचे पण रिपोर्ट मात्र लिहायचे नाहीत. २८ दिवसांची मुदत घाला अशी शिफारस केली, ती मुदत काही आली नाही.

बाहेरच्या स्वतंत्र डॉक्टरचा रिपोर्ट आला तर होम ऑफिसनं अजून एक युक्ती काढली होती, आमच्या डॉक्टरचं दुसरं मत येईपर्यंत थांबू म्हणायचं. जानेवारी २०२४ मध्ये हायकोर्टानं ते धोरण बेकायदा ठरवलं. त्यानंतर नियमावलीच बदलत राहिली, म्हणून आज काय लागू आहे हे तिथल्या चालू वकिलालाच विचारा, जुन्या पीडीएफवर जाऊ नका.

आम्ही इथं गावात बसून काय करू शकतो?

पुष्कळ. आधी घाबरून एजंटला परत पैसे पाठवू नका, "सोडवतो" म्हणून फोन करणारे तेच लोक असतात.

आतल्या माणसाचं पूर्ण नाव पासपोर्टप्रमाणं, जन्मतारीख, सेंटरचं नाव आणि त्याला दिलेला रेफरन्स नंबर हे वहीत लिहून घ्या. ब्रिटनच्या सेंटरमध्ये कॅमेऱ्याचा स्मार्टफोन काढून घेतात आणि साधा फोन देतात, म्हणजे त्याच्या मोबाइलमधले फोटो, व्हॉट्सॲप मेसेज, मारल्याचे व्हिडिओ त्याला दिसत नाहीत. ते तुमच्याकडं आलेले असतील तर जपा, डिलीट करू नका, फॉरवर्ड करून गावभर करू नका. मूळ मेसेज त्याच फोनमध्ये राहू द्या, स्क्रीनशॉट वेगळे काढा. इथं उपचार झाले असतील तर पीएचसीचा, ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर शोधा. पोलीस स्टेशनला तक्रार दिली असेल तर तिची पोच शोधा, तक्रार घेतली नसेल तर तेही तारखेसकट लिहून ठेवा.

तिथं आत असलेल्याला वकिलाचा पहिला सल्ला फुकट मिळायची सोय आहे, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, ते त्याला करायला लावा. जामिनासाठी, म्हणजे इमिग्रेशन बेलसाठी, ट्रिब्युनलकडं (इमिग्रेशनच्या खास कोर्टाकडं) अर्ज करता येतो. चार महिने झाले तर खात्यानंच प्रकरण ट्रिब्युनलपुढं न्यायचं असतं, पण गुन्ह्यावरून डिपोर्ट करायच्या माणसांना ही सोय नाही. बेलला राहायचा पत्ता विचारतात, तिथं ओळखीचं कोणी असेल तर आधीच बोलून ठेवा.

इथं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००, अर्ज लिहून द्यायला पैसे लागत नाहीत. आपला नागरिक असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका, तहसीलजवळच्या सेतूवाल्याकडूनही भरून घेता येते. आणि तक्रारीचा नंबर आला की तो मेसेजमध्ये सगळ्या घरच्यांना पाठवून ठेवा, एकाच्याच फोनमध्ये राहिला की नंतर सापडत नाही.

मग लगेच भारतीय एम्बसीला फोन करायचा ना?

म्यानमार-थायलंडसारखं प्रकरण असेल, पोराला घरी यायचंय, तर हो, लगेच. १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणं पकडलेल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीशी बोलायचा हक्क आहे.

पण ज्याला आपल्याच देशाच्या पोलिसांची किंवा सरकारी माणसांची भीती आहे आणि त्यानं तिथं आश्रय मागितलाय, त्याच्या परवानगीशिवाय एम्बसीला काहीही कळवू नका. घरच्यांनी काळजीपोटी फोन केला आणि त्याची केस बिघडली असं होऊ शकतं. आधी त्याला विचारा, त्याच्या वकिलाला विचारा.

बेकायदा कोंडलं हे सिद्ध झालं तर पैसे मिळतात?

मिळतात, पण नेहमी मोठे नाही. लुम्बा केसमध्येच डिटेन्शन बेकायदा ठरलं आणि भरपाई फक्त एक पौंड, कारण कोर्ट म्हणालं कायदा पाळला असता तरी तुम्हाला ठेवलंच असतं. रूल ३५ नीट पाळला असता तर माणूस सुटला असता हे दाखवता आलं तर मात्र खरी भरपाई मिळते. २०२०-२१ या एका वर्षात ब्रिटनच्या होम ऑफिसनं चुकीच्या डिटेन्शनसाठी ३३० प्रकरणांत मिळून ९३ लाख पौंड दिलेत. माझा राग याच्यावर आहे की दर वर्षी पैसे भरतात आणि पद्धत तीच ठेवतात.

दावा भारतात परत आल्यावरही करता येतो. साधारण सहा वर्षांची मुदत, पण मानवाधिकार कायद्याखालचा दावा एका वर्षात, म्हणून उशीर नको.

आणि आपल्या देशात? इथं आलेल्यांना आपण काय करतो?

हा प्रश्न वसाहतीतल्या एका तिबेटी मुलीनं विचारला होता आणि तो टाळता येत नाही. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण अजून मंजुरी दिली नाही. २०१० मध्ये छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत समितीकडं गेलं आणि पडून पडून बाद झालं. २०१७ मध्ये विधी आयोगानं परत सांगितलं की कायदा करा.

परदेशी माणसांचा जुना १९४६ चा कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवीन इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा आलाय, त्यातही मी परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावरच आहे. आसाममध्ये परदेशी ठरवलेले लोक वर्षानुवर्षं आत होते, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तीन वर्षं झालेल्यांना अटींवर सोडायला सांगितलं, एप्रिल २०२० मध्ये ती मुदत दोन वर्षांवर आणली. दोन वर्षं! आणि त्यातल्या कोणाचा आधी छळ झालाय का हे विचारणारा रूल ३५ सारखा नियम आपल्याकडं नाहीच.

तरी हातात काही नाही असं नाही. घटनेचं कलम २१ "व्यक्ती" म्हणतं, नागरिक म्हणत नाही, आणि १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं तेच सांगितलं. १९८३ मध्ये रुदुल शाह केसमध्ये निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षं जेलमध्ये ठेवलेल्या माणसाला भरपाई दिली, तिथून बेकायदा कैदेची भरपाई हा रस्ता उघडला.

आणि कोठडीतला छळ दूरची गोष्ट नाही. १९७२ मध्ये आमच्याच देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडलं, देशभर आंदोलन पेटलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. आपण ज्याला वडसा म्हणतो तेच गाव. त्या मुलीच्याही अंगावर विरोध केल्याच्या खुणा नाहीत असंच कोर्टानं तेव्हा म्हटलं होतं, वरचा वणांचा प्रश्न परत वाचून पाहा.

परत आलेल्या माणसाशी घरी कसं वागायचं?

"काय काय झालं सांग" म्हणून पाहुणे जमवू नका. रात्री खोलीला बाहेरून कडी लावू नका, काही घरी "पळून जाईल" म्हणून लावतात. अचानक मागून हात लावू नका. तो झोपत नसेल, दारू वाढली असेल, बोलत नसेल तर बाबा-मांत्रिकाआधी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या, टेली मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलतात. त्याला बोलावंसं वाटलं तर त्याच्या शब्दांत लिहून घ्या, मधे दुरुस्त करू नका, एका बसण्यात सगळं संपवायची घाई नको. पोलीस त्याला सायबर फसवणुकीचा आरोपी म्हणून बोलावतील तर एकटं पाठवू नका, विधी सेवेचा वकील सोबत घ्या आणि तस्करी आणि छळाचं निवेदन पहिल्याच जबाबात लिहायला लावा.

फोनवर येणारे काही छोटे प्रश्न

उपोषण केलं तर सोडतात का? तब्येत जाते, सुटकेची खात्री काहीच नाही. करायच्या आधी वकिलाशी बोलायला सांगा.

सही करायला कागद दिला, वाचता येत नाही? सही नको. मराठीत वाचून दाखवा म्हणायचं, तोवर नाही.

दुसऱ्या सेंटरला हलवलं तर रिपोर्ट सोबत जातो? जायला पाहिजे, पण भरवसा नको. रूल ३५ ची कॉपी त्याच्या हातात असू द्या, एक वकिलाकडं, एक तुमच्याकडं.

वकील फोनच उचलत नाही? बदलता येतो. फाइल मागून घ्यायचा हक्क त्याचा आहे, आधी नवीन वकील पक्का करा आणि मगच जुना सोडा.